जांघेतलं अवधाण

मला एका जागी बसवत नाही. कौतुक म्हणून सांगत नाही, घरातल्या सगळ्यांची ती तक्रारच आहे. ताटावर बसले तरी दोनदा उठते, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. नोकरीची पहिली वर्षं तळेघरच्या बाजूला डोंगरात गेली. एसटी आली तर आली, नाहीतर भातखाचरांच्या बांधाबांधानं चालत शाळा गाठायची आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. तिथे पायांना जी खोड लागली ती पुढे बदली होऊन खाली आल्यावरही गेली नाही. निवृत्त झाले, बोरीला घरी राहायला लागले, तर उजाडताच नदीपर्यंत चालत जायचे. अंधारात निघायचं नाही एवढी एकच अट आमच्या यांनी घातली होती, उसात बिबट्या असतो म्हणून.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्या भागात तसंच म्हणतात. आत्यांचं माझ्याविषयीचं मत लग्न झाल्यापासून एकच आहे: "हिच्या पायाला चाकं हायेत. घरात ठरत न्हाई." त्या स्वतः मात्र एका जागी बसून दिवसच्या दिवस काढू शकतात. ओट्यावर पाय पसरून बसल्या की ऊन सरकेल तशा सरकतात, तेवढीच काय ती हालचाल. आमचं दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. जवळीकही झाली नाही. मी पळत असायचे, त्या बसलेल्या असायच्या, आणि एकमेकींकडे बघून दोघींनाही जरा चीडच यायची.

भाद्रपद सरत आला होता. पावसानं उघडीप दिली म्हणून मी पुन्हा नदीवर जायला लागले, तर परतीच्या चढावर छातीत जड व्हायला लागलं. पहिल्यांदा वाटलं पित्त. दुसऱ्यांदाही पित्तच वाटलं, कारण पित्त वाटून घेणं सोयीचं होतं. नंतर एकदा मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मी बसले म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे यांना न सांगता कळलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि चहासुद्धा न पिऊ देता पुण्याला पाठवलं. तिथे अँजिओग्राफी झाली, आणि हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद निघाली म्हणून लगेच स्टेंट बसवायचं ठरलं.

डॉक्टर आधी मनगटातून नळी घालत होते. माझी तिथली शीर बारीक निघाली, वाटेत कुठे वळणही होतं. नळी पुढे जाईना. "जांघेतून जावं लागेल बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, कुठूनही जा, पण लवकर आवरा.

त्यांचं लवकर आवरलं. नंतरचं मात्र आवरता आवरेना. नळी काढल्यावर एका माणसानं उजव्या जांघेवर सगळा भार देऊन दाबून धरलं, मग वर वाळूची पिशवी ठेवली आणि सांगितलं, पाय सरळ ठेवायचा, गुडघ्यात अजिबात वाकवायचा नाही, मानही उचलायची नाही. मला लगेच त्या पायाच्या पोटरीला खाज सुटली. मग टाचेला. मग वाटलं बोटं तरी हलवून बघावीत, तर सिस्टर म्हणाली बोटं हलवा, बाकी काही नको. मी पंख्याकडे बघून बोटं हलवत राहिले. पलीकडच्या खाटेवरची बाई निवांत घोरत होती आणि मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की तिनं माझं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

ती सिस्टर मंचरकडची निघाली. घरी सोडताना तिनं माझा हात हातात घेऊन नीट सांगितलं. "बाई, उकिडवं बसायचं नाही. जड उचलायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हे लक्षात ठेवा. जिथून नळी घातली तिथे गाठ आली, दुखायला लागलं, काळंनिळं पसरलं, तर फोन करायचा. वाट बघायची नाही." मी हो हो म्हटलं. शाळेत माझ्यापुढे मुलं ज्या सुरात 'हो बाई' म्हणायची, तोच सूर होता, हे म्हणतानाच माझ्या लक्षात आलं होतं.

घरी आल्यावर बघायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं ही साधी गोष्ट नाही. नाही गेलं तर वर्षभर ऐकावं लागतं, आणि गेलं तर चहा घेतल्याशिवाय उठता येत नाही. कोणी बिस्किटं आणायचं, कोणी शहाळं. येणारी प्रत्येक बाई मला म्हणायची, "बाई, तुमी उठू नका," आणि चहाची वाट बघत बसायची. यांचा चहा म्हणजे पाण्याला रंग लावलेला. दोन दिवस मी ते सहन केलं. मग मीच उठायला लागले.

एकदा उठल्यावर मग कुठे थांबणार? कांद्याच्या चाळीत सडका कांदा वेचायला बायका आल्या होत्या. उरलेला कांदा भाव आल्यावर काढायचा होता, आणि एक सडका राहिला की शेजारचे चार नासवतो. मी म्हटलं नुसतं बघून येते. गेले, उभी राहिले, उभं राहून त्यांचे हात बघवेनात. सडका म्हणून चांगलाही टाकत होत्या. मी उकिडवी बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही, पण मांडीवर ठेवलेला पदर कांद्याच्या पाचोळ्यानं भरला होता. परतताना चपला चाळीपाशीच विसरल्या आणि बांधावर उजव्या टाचेत बाभळीचा काटा रुतला. पिनेनं मीच काढला. रक्त जरा जास्त वेळ वाहिलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना उजव्या जांघेत हाताला गाठ लागली.

पायाला काटा रुतला, ठेच लागून पिकली, की जांघेत गाठ येते. तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात. लहानपणापासून प्रत्येकाला कधी ना कधी आलेलं असतं, आणि त्याच्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. त्यामुळे सिस्टर जिला गाठ म्हणाली होती आणि माझ्या हाताला जी लागली होती, त्या दोन वेगळ्याच वस्तू आहेत असं मी धरून चालले. टाचेत काटा, जांघेत अवधाण. सरळ हिशोब होता. शिवाय जागा अशी, की नवऱ्यालाही दाखवायची चोरी. लग्नाला इतकी वर्षं झाली म्हणून काय झालं.

मी आत्यांना सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? अवधाण उतरवण्यात आत्यांचा हात सगळ्या वस्तीला माहीत. ही विद्या त्यांना त्यांच्या आईकडून आलेली. माहेरी असताना तेल लावताना काही पुटपुटायचं असे, वर काळा दोरा बांधायचा असे. लग्न होऊन इथे आल्या तर घरानं धम्म घेतलेला. आजेसासऱ्यांनी सांगून टाकलं, मंत्र, दोरा, उतारा या घरात चालायचा नाही. अंगठ्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. त्यामुळे मंत्र गेला, दोरा गेला आणि एरंडेलात बुडवलेला आत्यांचा अंगठा राहिला. शाळेतले शिक्षकसुद्धा त्यांच्याकडे लंगडत आलेले मी पाहिले आहेत.

"काटा रुतला ना? मग. अवधाणच हाय," आत्या म्हणाल्या. "पड आडवी."

त्यांनी एरंडेल कोमट केलं आणि खोलीचं दार लावलं. मी साडी वर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. आत्यांचा अंगठा जांघेतून खाली मांडीवर, मांडीवरून गुडघ्याकडे हळूहळू सरकत होता. दुखत होतं. पण खरं सांगते, मला बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांत आत्यांनी मला असा हात कधी लावला नव्हता. बाळंतपणाला मी पेठला माहेरी होते, त्यामुळे तेव्हाही नाही. त्यांचा हात इतका ऊबदार असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी चक्क गप्प पडून राहिले. "आता बरी पडलीस," आत्या म्हणाल्या.

रात्र कशीतरी गेली. सकाळी उजव्या मांडीची आतली बाजू जांभळी झाली होती, गुडघ्याच्या दिशेनं पसरलेली. आत्या म्हणाल्या, दबलंय ते बाहेर पडतंय, अजून एकदा चोळू. मला काही ते पटेना. मी म्हटलं चहा झाल्यावर बघू, आणि खाटेवर पडले. पडलं की मला काहीतरी चाळा लागतो. यावेळी हात आपोआप जांघेशी गेला. गाठ कालच्यापेक्षा मोठी होती, पेरूएवढी, आणि माझ्या तळव्याखाली ती उडत होती. मी दुसऱ्या हाताची बोटं गळ्याच्या नाडीवर ठेवली. इथे एक, तिथे एक. बरोबर एकाच वेळी.

आजपर्यंत आलेलं कोणतंच अवधाण उडालं नव्हतं.

"आत्या," मी हाक मारली. "जरा हात लावून बघा. चोळू नका, नुसता लावा."

त्यांनी तळवा ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. ऐंशीच्या पुढची बाई, इतकी माणसं या हाताखालून गेलेली. मग म्हणाल्या, "हे उडतंय गं."

"हो."

"अवधाण उडत न्हाई."

"हो आत्या."

मी फोन लावला. सिस्टरनं दोन वाक्यं ऐकली आणि फोन थेट डॉक्टरांकडे दिला. हे तोवर आत आले होते, दारातच उभे होते. फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. डॉक्टरांनी विचारलं, गाठ उडते का, पाय गार पडलाय का, बोटं हलतात का. मग विचारलं, "त्या जागेवर काही केलं का? शेकलं, चोळलं?"

"काल चोळलं," मी म्हटलं.

"कोणी?"

मी काही बोलायच्या आत आत्या फोनच्या दिशेनं वाकून म्हणाल्या, "म्या."

मग डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाले, "आजी, आता अजिबात चोळायचं नाही. आता दाबायचं. सपाट तळव्यानं, जोर लावून, गाठीवरच. हात काढायचा नाही, बघायला म्हणूनही नाही. लगेच गाडीत घाला आणि निघा. वाटेत बाईंना चक्कर आली, दरदरून घाम सुटला, तर जे पहिलं हॉस्पिटल लागेल त्यात शिरा." तिथे आतून रक्त झिरपून गाठ वाढतेय, ती फुटली तर जिवाला धोका आहे, पायालाही आहे, हेही त्यांनी सांगितलं. ते हे बोलत असतानाच आत्यांचा तळवा परत माझ्या जांघेवर आला होता.

गाडीची मागची सीट मला आडवं पडायला पुरत नव्हती. डोकं एका दाराला, उजवा पाय दुसऱ्या दाराला सरळ लावलेला, डावा कसाबसा गोळा करून. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या फटीत आत्या गुडघ्यावर बसल्या. यांनी म्हटलं, "आये, तू पुढं बस. शेजारच्या पोरीला घेऊ, ती दाबंल." आत्या म्हणाल्या, "गाडी चालव." यांनी गाडी सुरू केली.

मी हा रस्ता इतक्या वेळा गेले आहे, पण आडवं पडून कधी गेले नव्हते. खिडकीतून दिसत होतं ते नुसतं आभाळ, विजेचे खांब आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे वरचे तुकडे. कुठे आलो ते मी गाडीच्या वळणावरून ओळखत होते. नाशिक रस्ता लागला तो गाडीचे धक्के थांबले म्हणून कळला. नारायणगाव भाजीच्या गाड्यांच्या हॉर्नवरून कळलं. कळंब, मंचर. प्रत्येक गावाला मी स्वतःला विचारत होते, चक्कर येतेय का? येत नव्हती. मग घाबरून विचारत होते, आता येतेय का? आणि बोटं हलवत होते. उजव्या पायाची बोटं. हलतात, अजून हलतात.

मरण्याची भीती होती का? होती. पण त्यापेक्षा पाय जाईल याची जास्त होती, आणि हे मला त्या वेळीही मूर्खपणाचं वाटत होतं. जीवच गेला तर पाय घेऊन काय करणार? तरी डोळ्यांपुढे आपलं तेच यायचं, तळेघरची ती पायवाट, नाचणीच्या उतारावरची, जिथे पावसात घसरू नये म्हणून मी अंगठे चिखलात रोवून चालायचे. मी स्वतःला सांगत होते की पाय गेला तर मी बसणार आहे. ओट्यावर, आत्यांशेजारी, ऊन सरकेल तशी सरकत. मला रडू आलं ते त्या चित्रानं.

"दुखतंय का?" आत्यांनी विचारलं.

"नाही. तुमचा हात अवघडला असेल. जरा बदला."

"बदलायचा न्हाई म्हनलाय त्यो. तू ऐकलं न्हाईस का?"

पेठचा घाट आला. माझं माहेर तिथेच. घाटातली वळणं मला पाठ आहेत, पण प्रत्येक वळणाला माझं सगळं अंग एकीकडे जायचं आणि आत्यांचं दुसरीकडे. त्यांचा तळवा मात्र होता तिथेच राहायचा. एका वळणावर त्यांचं डोकं पुढच्या सीटच्या लोखंडावर जोरात आपटलं. हातानं चाचपून बघतील असं मला वाटलं. एका हातानं सीट धरली होती, दुसरा माझ्यावर होता. त्यांनी डोकं तसंच राहू दिलं.

चाकणच्या गर्दीत गाडी थांबली ती थांबलीच. हे स्टिअरिंगवर मुठी आपटत होते. शाळेबाहेर मी कधी कुणाला 'शांत बसा' म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी यांना म्हटलं. आत्या माझ्या पोटाशी डोकं टेकवून बसल्या होत्या. मला वाटलं झोप लागली. मी हाक मारली तर म्हणाल्या, "मोजतेय."

"काय?"

"उडतंय ते."

त्यांना कितीपर्यंत मोजता येतं हे मी विचारलं नाही. 

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आणलं. वॉर्डबॉय म्हणाला, आजी, सोडा आता. आत्यांनी सोडलं नाही. डॉक्टर स्वतः आले, त्यांनी आपला हात आत्यांच्या हाताच्या वर ठेवला आणि म्हणाले, "आजी, आता मी धरलंय." तेव्हा त्यांनी खालून हात काढला. बोटं वळली होती, सरळ होत नव्हती. मला आत नेलं. दार मिटेपर्यंत त्या दुसऱ्या हातानं आपली बोटं एकेक करून उघडत होत्या.

सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी मला दाखवलं. नळी घालण्यासाठी धमनीला जे भोक पाडलं होतं ते नीट मिटलं नव्हतं. त्यातून रक्त बाहेर येऊन शेजारी पिशवी तयार झाली होती, आणि प्रत्येक ठोक्याला रक्त त्या पिशवीत शिरत होतं, परत फिरत होतं. पडद्यावर लाल आणि निळं गरगरताना दिसत होतं. आधी त्यांनी सोनोग्राफीच्याच यंत्रानं वरून दाबून धरलं. त्यासारखं दुखणं मी बाळंतपणातही सोसलेलं नाही. बराच वेळ दाबूनही लाल-निळं फिरतच होतं. मग म्हणाले, पडद्यावर बघत बघत पिशवीत सुईनं औषध सोडू, रक्त गोठलं तर ठीक, नाहीतर कापून धमनीला टाके घालावे लागतील. सुई गेलेली मला कळलीही नाही. पडद्यावरचं लाल मंद झालं आणि मग काळं झालं. डॉक्टरांनी ताबडतोब माझ्या पावलावर बोटं ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पायाचा ठोका छान आहे," ते म्हणाले.

मी मोठ्यानं रडले. तिथल्या तिथे, लाज न बाळगता.

घरी आल्यावर मी सांगितल्याप्रमाणे वागले. यावेळी खरंच. आलेल्या बायकांना यांचाच चहा मिळाला आणि तो त्यांनी प्यायला. मांडीचं जांभळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग गेलं. पहिल्यांदा फाटकापर्यंत चालले, मग रस्त्यापर्यंत. दिवाळीनंतर कधीतरी नदीपर्यंत जाऊन आले. परतीच्या चढावर मुद्दाम थांबले, छाती बघितली. गप्प होती.

फरक पडला तो आत्यांत. वस्तीतली एक बाई लंगडत आली, अवधाण आलंय म्हणाली. आत्या म्हणाल्या, "डाक्टरला दाव." बाईला वाटलं आजींचं काही बिनसलंय. पुन्हा कोणी आलं, त्यालाही तेच. एरंडेलाची बाटली त्यांनी देवळीतून काढून शिलाईच्या मशीनखाली ठेवून दिली. गाडीत काय झालं ते आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे लोक आपापले तर्क करत होते. म्हातारीचा हात गेला, असं म्हणत होते.

मला त्याचा राग यायचा. लोकांचा नाही, आत्यांचा. ओट्यावर बसून त्या आता ऊन सरकलं तरी सरकत नव्हत्या. हात मांडीवर, तळवे वर. एकदा मी फटकन बोलले, "आत्या, तुमच्यामुळे काही झालेलं नाही. भोक त्यांनीच पाडलं होतं, ते मिटलं नाही. डॉक्टर स्वतः म्हणाले."

"भोक त्यांचं," आत्या म्हणाल्या. "चोळणं माझं."

"आणि दाबणं कुणाचं?"

त्या उठून आत गेल्या. आत्या उठून जातात हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं मी काहीतरी भलतंच बोलून बसले, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. भांडी घासलेली पुन्हा घासली.

होळीच्या आधी मी पुन्हा काटा रुतवून घेतला. चपला घातलेल्या होत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार आला. यावेळी डाव्या पायाला. गावातल्या डॉक्टरांनी काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी डाव्या जांघेत गाठ आली. मी आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवली. मग पुण्याला फोन केला. त्यांनी विचारलं ते सगळं सांगितलं. डावी बाजू, कधीही नळी न घातलेली, उडत नाही, कडक आहे. ते म्हणाले, काट्यामुळे आलंय, गोळ्या चालू ठेवा.

फोन ठेवला आणि मी ओट्यावर गेले. आत्या बसल्या होत्या.

"अवधाण आलंय," मी म्हटलं.

"डाक्टरला दाव."

"दोघांना दाखवलं. दोघंही तेच म्हणाले. तुम्ही बघा."

"मी न्हाई बघत आता."

"का? तुमच्या हातानं मी चालत आले आत्या. मला माहितीये ना, कुणाच्या हातानं आले ते. चला आत."

मी खोलीत जाऊन आडवी झाले. साडी वर घेतली, पण यावेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. बराच वेळ कोणी आलं नाही. मला उठून बघावंसं वाटत होतं, त्या येतायत का, की तिथेच बसल्यात. पाय आतल्या आत वळवळत होते. मग दारात त्यांची सावली आली. दार लावून त्या शेजारी बसल्या आणि माझ्या जांघेवर त्यांनी तळवा ठेवला. अंगठा नाही, तळवा. डोळे मिटून घेतले. ओट्यावर कोंबड्या होत्या, रस्त्यानं कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

"उडत न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी डोळे उघडले. "तेल मशीनखाली हाय."

मी सवयीनं उठायला लागले.

"तू पड," आत्या म्हणाल्या. "मी आणते."

त्या भिंतीला धरून उठल्या आणि गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत मी हलले नाही.